चिंधी बांधलेलं वाळूक

माय, तुला मी कधी पत्र लिहिलं नाही. तुला वाचता येत नव्हतं, आणि मीही घरापासून कधी इतकी लांब गेले नाही की पत्राची वेळ यावी. शिकायला गेले ती परभणीला, आणि दर शनिवारी दुपारच्या बसनं परत यायचे. आता तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली आणि मी वही घेऊन बसलेय, तर आधी हाच प्रश्न पडलाय की हे तुला वाचून दाखवणार कोण. तू असतीस तर मीच वाचून दाखवलं असतं. आणि मग, माझा स्वभाव मला माहीत आहे, अवघड वाक्यं मी हळूच गाळली असती. या वेळी काही गाळायचं नाही असं ठरवून बसले आहे. बघू किती जमतं ते.

सोमवारी मला एका कागदावर सही करायची आहे, किंवा करायची नाही. तेवढंच ठरत नाही म्हणून हा सगळा खटाटोप. कागद तुझ्या वाळकाचा आहे. बाहेरच्या देशातल्या एका मोठ्या बियाणं कंपनीनं तिकडं एक पेटंट घेतलंय. पेटंट म्हणजे काय, तर ही गोष्ट आम्ही शोधली, आता आमच्या परवानगीशिवाय ती कुणी वापरायची नाही, असा त्यांच्या सरकारचा शिक्का. कंपनीनं शोधलं काय, तर खरबुजाच्या गोतातल्या एका वेलाला पिवळा रोग धरत नाही. तो गुण त्यांनी आपल्या खरबुजात उतरवला. आणि तो मूळ वेल त्यांना मिळाला आपल्या गावच्या शिवारात. हसू नकोस. पिवळं न पडणारं वाळूक सातासमुद्रापलीकडं कुणीतरी शोधून काढलं, आणि तू इकडं दर दसऱ्याला त्याला चिंधी बांधून ठेवत होतीस. या पेटंटावर हरकत घ्यायची आहे, आणि हे वाळूक एका बाईनं वर्षानुवर्षं निवडून जपलेलं होतं असा जबाब मी द्यावा असं काही लोकांचं म्हणणं आहे. ती बाई म्हणजे तू, हे त्यांना अजून माहीत नाही.

मला माझ्या लहानपणातलं ते वाळूक अजून नीट दिसतं. मुठीपेक्षा जरा मोठं, हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांचं, पिकलं की आपोआप उलणारं. आपल्याकडं एक गुंठाही जमीन नव्हती, तरी तुझी वाळकं दरसाल पिकायची. ज्वारीच्या पेरणीला तू मजुरीनं जायचीस तेव्हा कमरेच्या पिशवीत तंबाखूच्या शेजारी वाळकाचं बी असायचं. तिफणीच्या मागं चालता चालता मधूनच चार बिया टाकायचीस, मालकाला न विचारता, आणि मालकही कधी काही म्हणायचा नाही. कापसात तसंच, तुरीच्या ओळीत तसंच. जिथं म्हणून तू खुरपायला जाशील तिथं तुझं वाळूक आधीच जाऊन बसलेलं असायचं. भाद्रपदात बाया खुरपता खुरपता ते तोडून खायच्या, वाटसरू खायचा, मालकाची पोरं खायची. वाळकाला मालक नसतो हा तिकडचा रिवाजच होता. शेत ज्याचं त्याचं, पण वाळूक ज्याच्या हाताला लागेल त्याचं.

एकच अपवाद होता. दसऱ्याच्या सुमाराला बहुतेक वेल पिवळे पडायला लागायचे, पानं आक्रसून जायची, आणि त्यात एखादाच वेल हिरवा राहायचा. तू त्याच्याजवळ उकिडवी बसायचीस, एक फळ फोडून देठाकडची फोड जिभेला लावायचीस. कडू निघाली तर वेल उपटून बांधावर. गोड निघाली तर त्याच वेलाच्या दुसऱ्या फळाला जुन्या लुगड्याची चिंधी बांधायचीस. चिंधी बांधलेल्या वाळकाला कुणी हात लावायचा नाही. ते बियाचं. पिकून उललं की तू ते घरी आणायचीस, बी धुऊन राखेत कालवून चुलीमागच्या भिंतीला थापायचीस, आणि पुढच्या पावसाळ्यात जो मागेल त्याला चिमूटभर खरवडून द्यायचीस. मी नऊ वर्षांची असताना एकदा भर उन्हात असं चिंधीचं वाळूक खाल्लं. तुला कळलं. तू मारलं नाहीस. माझा हात धरलास आणि वस्तीतल्या घरोघरी नेऊन माझ्याकडून वदवून घेतलंस, 'मी बियाचं वाळूक खाल्लं, पुढल्या साली कमी पडंल.' सात घरं झाली. विहाराशेजारच्या घरी तर एक म्हातारी झोपलेली होती, तिलाही उठवलंस. तेव्हा मला तुझा इतका राग आला होता की मी दोन दिवस बोलले नाही. आज शेतीखात्यात नोकरी करते, निवड पद्धतीनं सुधारलेलं वाण वगैरे शब्द कार्यशाळेत ऐकते आणि मान डोलावते, आणि प्रत्येक वेळी मला ती सात घरं आठवतात.

आता त्या कागदाचं सांगते. गेल्या महिन्यात पुण्याहून एक बाई आल्या. अशा पेटंटांविरुद्ध लढणाऱ्या कुठल्याशा संस्थेत त्या काम करतात. आपलं गाव माझ्याच सर्कलमध्ये येतं म्हणून त्यांना माझ्याकडं पाठवलं होतं. साध्या, सुती साडीतल्या, घाम पुसत बोलणाऱ्या. मी चहा सांगितला. त्यांनी फाईलमधून एक झेरॉक्स काढून माझ्यासमोर ठेवली. पूर्वी कधीतरी आपल्याकडच्या एका छोट्या कंपनीनं गावोगावची देशी बियाणी गोळा केली होती. पुढं ती कंपनी आपल्या बियांच्या साठ्यासकट त्या परदेशी कंपनीनं विकत घेतली. झेरॉक्स होती त्या वेळच्या चिठ्ठीची, बियाच्या पिशवीत टाकतात त्या. गाव, पीक, तारीख. 'बियाणं राखणाऱ्याचे नाव' या रकान्यात एक आडवी रेघ. आणि खाली 'लागवडीचे की जंगली' याच्यापुढं एकच शब्द, जंगली. बाई म्हणाल्या, 'सगळं या एका शब्दावर अडलंय, मॅडम. ते म्हणतात हे रानात असंच उगवलेलं होतं, त्यात कुणाची अक्कल नव्हती, अक्कल आम्ही लावली. हा वेल कुणी निवडून, पारखून जपला होता असं सांगणारं माणूस मिळालं तर हरकतीत दम येईल. आणि ही चिठ्ठी कुणी लिहिली ते कळलं तर फारच बरं.' मी म्हणाले, चौकशी करते. चहा गार झाला होता, तो तसाच प्यायले. झेरॉक्सवरचं अक्षर माझं होतं.

तो दिवस तुला आठवत असेल. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीत त्या कंपनीनं आम्हा सहा जणांना कामावर घेतलं. जीप, कापडी पिशव्या, छापील चिठ्ठ्या, कार्बन. आम्ही पूर्णेच्या बाजूनं फिरत फिरत झरीकडं आलो आणि तिथून आपल्या गावात. गाव माझं आहे हे मी सांगितलं होतं, त्याचा मला तोराही होता. पण जीप नेमकी त्या शेतापाशी थांबली जिथं तू कापूस वेचत होतीस. डोक्याला फडकं, कमरेला ओटी कापसानं फुगलेली, पाय चिखलानं भरलेले. बाकीचे पाच जण बागायतदारांच्या घरचे, आणि आमच्यावरचे साहेब सारखे नाकाला रुमाल लावणारे. साहेबांनी विचारलं, 'इथं काही देशी वाळूक-काकडी मिळेल का?' मी तुझ्याकडं पाहिलं आणि ही माझी माय आहे हे म्हणालेच नाही. आता म्हणते, मग म्हणते, असं करत ती वेळ निघून गेली. तू माझ्याकडं पाहिलंस. तुला कळलं, तुला सगळंच लवकर कळायचं. तू तुरीच्या ओळीत गेलीस, चिंधी बांधलेलं वाळूक घेऊन आलीस, दातांनी चिंधीची गाठ सोडलीस आणि माझ्यापुढं धरून म्हणालीस, 'घ्या मॅडम. ह्ये पिवळं पडत न्हाई.' साहेबांनी विचारलं, हे कुणाचं? मी म्हणाले, कुणाचं नाही सर, असंच उगवतं. आणि चिठ्ठी लिहिली.

मला लाज कशाची वाटली, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला नीट विचारलेलं नाही. तुझ्या चिखलाच्या पायांची, की राखणाऱ्याच्या रकान्यात आपलं आडनाव लिहिलं की ही बाई आणि ही वस्ती माझीच हे पाच जणांना कळेल याची, की आपल्याला जमीन नाही याची. बहुतेक सगळ्याचीच थोडी थोडी. आणि गंमत बघ, 'कुणाचं नाही' हे मी खोटंही बोलले नव्हते. तूच शिकवलं होतंस, वाळकाला मालक नसतो. तुझंच वाक्य मी तुझ्यासमोर वापरलं. पण तू म्हणायचीस तेव्हा त्यातून सगळ्यांना वाळूक मिळायचं. मी म्हणाले आणि तुझ्याकडचंच गेलं. वाक्य तेच असून असं उलटं कसं होतं हे मला खरंच कळत नाही.

न कळणाऱ्या गोष्टी यंदा फारच झाल्या आहेत. पावसाळ्याच्या सुरुवातीला मला खात्यातल्या साहेबांबरोबर चोर बीटी पकडायला जावं लागलं. चोर बीटी म्हणजे असा कापूस, की शेतात तणनाशक फवारलं तरी मरत नाही, बाकी सगळं गवत मरतं. त्याच्यात बाहेरून एक गुण घातलेला असतो. दिल्लीतल्या समितीनं त्याला मंजुरी दिलेली नाही, त्यामुळं ते बियाणं विकणं, पेरणं, दोन्ही गुन्हा. पण विना बिलाच्या पाकिटात ते गावोगाव येतं. आम्ही गेलो ते कुणाकडं, तर मावशीकडं. तुझी जोडीदारीण गं, जिच्या ओळीशेजारी तुझी ओळ असायची. तिनं आता मालकाचं दोन एकर रान बटईनं, अर्ध्या वाट्यावर केलंय. उगवून आलेल्या कापसाचं एक पान साहेबांनी छोट्या नळीत घालून ठेचलं, त्यात पाणी टाकलं आणि कागदाची बोटभर पट्टी बुडवली. मावशी शेजारी उकिडवी बसून बघत होती, काही चूक केलीय असं तिच्या तोंडावर नव्हतंच. पट्टीवर दोन रेघा आल्या. तिनं मला विचारलं, 'काय म्हणायलीय ती पट्टी?' मी सांगितलं, यात बाहेरचा गुण घातलाय असं म्हणतीय. 'कुणी घातलाय त्ये बी सांगती का?' नाही, म्हणाले. 'मंग अर्दंच सांगती की.' साहेब पंचनामा लिहीत होते. ती माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, 'तुज्या मायच्या वाळकाला लावून बग बरं ही पट्टी. कुणाचं निघतंय बगू.'

तिची उरलेली पाकिटं आम्ही जप्त केली. जीपमध्ये बसताना तिनं विचारलं, 'ह्ये पेरू नगं म्हणायलीस, मंग खुरपायला तू येतीस का? माजे गुडघे गेलेत. बाया मिळंनात.' नियम का आहे ते मला माहीत आहे. तपासणी न झालेली गोष्ट रानात सोडू नये, एकदा सोडली की परत गोळा करता येत नाही, हे मी शेतकरी मेळाव्यात दहा वेळा सांगितलंय, आणि ते मला पटतंही. पण मावशीच्या गुडघ्यांसमोर ते सांगायला तोंड उघडेना. आणि याच्या उलट बाजूनंही मी अडकते. तणनाशकाच्या फवाऱ्यात वाळकाचा वेल टिकत नाही. चोर बीटीचंच असं नाही, सोयाबीनमध्येही फवारतातच. आपल्या शिवारात आता कापसात वाळूक दिसत नाही, ज्वारी तर उरलीच किती. म्हणजे तुझं वाळूक गावातून घालवलं ते त्या परदेशी कंपनीनं नाही. ते आमचं आम्हीच घालवलं, मजूर मिळत नाही म्हणून, गुडघे गेले म्हणून. कंपनीच्या थंड खोलीत मात्र ते असेल, नंबर लावलेल्या पाकिटात, जिवंत. मग मी हरकत कशावर घेतेय? ज्यानं नेलं त्याच्याकडंच ते राहिलंय.

वाळूक निवडून ठेवणारी एक बाई मी पाहिली होती एवढंच मी पुण्याच्या बाईंना कळवलं, तसा त्यांनी जबाबाचा कागद पाठवला; मग हा गोंधळही मी फोनवर बोलून दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, 'राहिलंय हे खरं. पण उद्या तुमच्या गावातल्या कुणी ते परत मागितलं तर कंपनीला विचारून घ्यावं लागेल, एवढंच बघा.' हे पटलं. फोन ठेवला आणि पुन्हा गोंधळ. कारण परत मागायचं तर कुणी? ग्रामपंचायतीत गावच्या झाडापिकांची एक सरकारी नोंदवही असते, त्यात या वाळकाची नोंद आता करायची ठरली आहे. समितीवर मालकाचा मुलगा आहे. भला माणूस आहे, मला ताई म्हणतो. त्यानं सरळ सांगितलं, 'ताई, आमच्या आबांचं नाव टाकू. आमच्याच रानात पिकत होतं की ते.' आणि त्या नोंदीत खरंच असा रकाना आहे, शेतकऱ्याचं नाव आणि जमिनीचा गट क्रमांक. तुझा गट क्रमांक कुठला लिहू? तू तर अख्ख्या शिवारात पेरत होतीस आणि कागदावर तू शेतकरी कधीच नव्हतीस. मी त्याला म्हणाले, आबांनी कधी वाळकाला चिंधी बांधली होती का? तो म्हणाला, 'न्हाई. पर त्येनी कधी उपटलंबी न्हाई.' हेही खरंच आहे, माय. त्याचं काय करू?

आणि तूच एकदा सांगितलं होतंस की ते बी मुळात तुझं नव्हतंच. तू नवी नवरी असताना सेलूकडून मेंढरं घेऊन आलेल्या एका धनगर बाईनं तुझ्याकडं लेकरासाठी पाणी मागितलं, आणि जाताना तुझ्या पदरात मूठभर बी टाकलं. तिच्याकडं ते कुठून आलं देव जाणे. म्हणजे मी तुझं नाव लिहिलं तर त्या धनगर बाईच्या नावावर रेघ ओढली असं होईल का? आपलं नातं न सांगता मी पुण्याच्या बाईंना हेही विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, 'तुम्ही फार मागं जाताय. आपल्याला पहिला माणूस शोधायचा नाही. माणूस होता, एवढंच दाखवायचं आहे.' माणूस होता. माझ्या चिठ्ठीत नेमकं तेवढंच नव्हतं.

सही केली तर चिठ्ठी मी लिहिली आणि खोटी लिहिली हे माझ्याच हातानं कबूल होतं. खात्यातून काही विचारणा होईल का, माहीत नाही. तेव्हा मी नोकरीत नव्हते, पोरवयातली गोष्ट, पण कागदाचं काही सांगता येत नाही. त्याची थोडी भीती आहे. आणि दुसरं असं वाटतं, की इतक्या वर्षांनी, तू नसताना, सगळं पार पडल्यावर आपल्या मायचं नाव मिरवायला निघाले तर ती तुझी आठवण झाली की माझी हौस? तुला विचारता आलं असतं तर तू काय म्हणाली असतीस याचा अंदाज लावून लावून मी दमले. कधी वाटतं, तू म्हणशील, कशाला त्या लोकांशी भांडायलीस, खाऊ दे की त्येन्लाबी. कधी वाटतं, मला परत सात घरं फिरवशील.

म्हणून काल सकाळी मावशीकडं गेले. पाकिटं नेल्यापासून ती रुसलेली असेल असं वाटलं होतं, पण तिनं खाट टाकली, पाणी दिलं. मी पेटंट वगैरे सगळं सांगितलं. तिनं निम्मं ऐकलं असेल. मग मला घरामागं उकिरड्यापाशी घेऊन गेली. तिथं वाळकाचा एकच वेल पसरलेला, आणि एका फळाला गुलाबी चिंधी. खाली बसून पानं उलटी करून पाहिली. शेंड्याकडची तीन पानं पिवळी पडायला लागली होती. मी म्हणाले, मावशी, हे पिवळं पडायलंय. म्हणजे हे तिचं नाही. ती म्हणाली, 'आसंल, नसंल. तिच्याच हातचं बी हाय त्ये, मी दरसाल ठिवलंय. पर मी तिच्यावानी बारीक बघत न्हाई गं. जे हाताला लागंल त्येला चिंधी बांदते.' म्हणजे बी तेच, आणि गुण गेलेला. दरसाल उकिडवं बसून बघणारी बाई नसली की पाच-सहा पिढ्यांत वेल विसरतो. पुस्तकात हे मी वाचलेलं आहे, पण तिथं बसून ते कळलं. जंगली असतं तर त्याला तुझी गरज पडली नसती. मला हे त्या पुण्याच्या बाईंना लगेच फोन करून सांगावंसं वाटलं, आणि त्याच वेळी रडूही आलं.

मावशीला वाटलं मी वेलासाठी रडतेय. ती समजूत घालायला लागली. म्हणाली, 'रडतीस कशाला. तुज्या मायचं नाव तर हाय की कंपनीच्या कागदावर. तिनंच सांगितलं व्हतं आमाला, कापूस येचताना. माज्या लेकीनं नाव लिवलं म्हणली. बोट ठिवून दावलं म्हणली. लय बारीक हाय म्हणं, पर हाय.' तू हे सगळ्या बायांना सांगितलं होतंस हे मला माहीत नव्हतं.

गाळायचं नाही असं ठरवलं होतं ते हेच. त्या दिवशी दिवेलागणीच्या आत मला जीपनं फाट्यावर सोडलं. मी घरी आले तेव्हा तू भाकरी करत होतीस. शेतातल्या 'मॅडम'बद्दल तू अवाक्षर काढलं नाहीस. भाकरी तव्यावर टाकलीस आणि तव्याकडंच बघत विचारलंस, 'माजं नाव लिवलंस का?' मी म्हणाले, हो. तू म्हणालीस, 'दाव.' कार्बनची प्रत माझ्या पर्समध्ये होती. मी ती तुझ्यापुढं धरली आणि एका शब्दावर बोट ठेवलं. तू हात पदराला पुसून वाकलीस, माझ्या बोटाशेजारी तुझं बोट ठेवलंस. नखात पीठ होतं. 'एवढंसंच?' म्हणालीस. मी म्हणाले, हो, एवढंच. 'लय बारीक हाय की माजं नाव,' म्हणून हसलीस, आणि भाकरी उलटवलीस.

जबाबाच्या कागदावर नावाचा रकाना आहे. काल संध्याकाळी मी पेन्सिलीनं लिहून पाहिलं, तुझं नाव, बाचं नाव, आपलं आडनाव. मावत नाही, शेवटची दोन अक्षरं समासात जातात. सोमवारी त्यावर शाई फिरवीन की नाही, ते एवढं सगळं लिहूनही मला सांगता येत नाही. फिरवलीच तर पंचायतीच्या नोंदवहीत गट क्रमांकापुढं काय लिहायचं तेही कळत नाही. एवढं मात्र कळतं, की माझं बोट होतं तिथं तुझं नाव नव्हतं, माय. तिथं मी जंगली असं लिहिलं होतं.